भीमाशंकरचं रान पाहायचं तर

भीमाशंकरला वर्षाकाठी लाखो माणसं येतात आणि त्यातली बहुतेक जंगल न पाहताच परत जातात. गाडीतून उतरायचं, पायऱ्या उतरून रांगेला लागायचं, दर्शन झालं की प्रसादाचा पुडा घेऊन पायऱ्या चढायच्या आणि परतीची वाट धरायची. या सगळ्या धांदलीत डोक्यावरच्या जांभळाच्या शेंड्यात एखादं शेकरू निवांत पानं कुरतडत बसलेलं असतं. मान वर करायची सवड मात्र कोणाला नसते. मग घरी गेल्यावर तक्रार, की अभयारण्य म्हणतात, पण तिथे प्राणी म्हणून काही दिसत नाही.

रान पाहायचं तर देवदर्शनाचं वेळापत्रक आधी मोडावं लागतं. पुण्याहून भल्या सकाळी निघालेली गाडी मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर करत वर पोचेपर्यंत नऊ-दहा वाजतात. तोवर रानातली सकाळ संपलेली असते. पक्ष्यांचा गलबला ओसरतो, शेकरू पोट भरून फांदीवर आडवं होतं आणि भेकर कधीच कारवीत शिरलेलं असतं. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला हाच, की आदल्या संध्याकाळी वर पोचावं, जवळच्या एखाद्या गावात मुक्काम करावा आणि उजाडताना पायवाटेवर असावं. बाकीच्या सगळ्या सूचना याच्यानंतरच्या.

भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. त्याचा मोठा भाग पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव आणि खेड तालुक्यांत येतो. घाटमाथ्याखालचे उतार रायगडच्या कर्जत आणि ठाण्याच्या मुरबाड तालुक्यांकडे उतरतात. अभयारण्य करण्यामागचं मुख्य कारण होतं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. वाघासाठी राखलेली रानं सगळ्यांना ठाऊक असतात. एका खारीसाठी राखलेलं रान पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, हे बऱ्याच पुणेकरांनाही ठाऊक नसतं.

इथे येताना मनातलं ॲमेझॉनचं चित्र बाजूला ठेवलेलं बरं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात बारा महिने थोडाफार पाऊस असतो. भीमाशंकरला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आभाळ फाटतं आणि उरलेले आठ महिने जवळपास कोरडे जातात. त्या कोरड्या महिन्यांतही बरीचशी झाडं पान सोडत नाहीत, पण काही सोडतात. म्हणून या रानाला निमसदाहरित म्हणतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य झाडं. त्यांच्या जोडीला हिरडा, आंबा, उंबर, आवळा, आणि खाली सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. केरळातल्या सदाहरित रानासारखी ही झाडं उंच जात नाहीत. माती पातळ आणि कोकणातून वर येणारा वारा दांडगा. नागफणीच्या टोकावरून खाली पाहिलं की कड्याजवळच्या झाडांचे शेंडे कोणी कंगव्याने एकाच बाजूला विंचरल्यासारखे दिसतात.

झाडं बुटकी असण्याचा पाहणाऱ्याला एक फायदा होतो. शेंड्यात काय चाललंय ते दुर्बिणीशिवायही दिसू शकतं.

इथे जीपची सफारी नाही, पाणवठ्यावर वाट पाहत बसलेल्या गाड्यांची रांग नाही आणि वाघही नाही. बिबट्या आहे, सांबर, भेकर, रानडुक्कर, पिसोरी, साळिंदर, खवल्या मांजर आहे. पण यातले बहुतेक रात्री हिंडणारे किंवा अंग चोरून राहणारे. दाट झाडीत वीस पावलांवरचं सांबर दिसत नाही. त्यांच्या खुणा दिसतात: चिखलातले खूर, साळिंदराचा गळालेला काटा, रानडुकरांनी उकरलेली जमीन. संध्याकाळी दरीतून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा एकेक तुटक आवाज आला, तर तो भेकराचा असण्याचा संभव अधिक. बिबट्याची चाहूल लागली तरी ते असंच भुंकतं. ही आवाजांची ओळख जाण्यापूर्वी करून घेतली तर रान निम्मं जास्त कळतं. पक्षी-प्राण्यांचे ध्वनिमुद्रित आवाज हल्ली मोबाइलवर सहज मिळतात. ते घरी ऐकावेत. रानात वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणं मात्र टाळावं. विणीच्या दिवसांत नराला तो दुसरा नर हद्दीत घुसल्याचा इशारा वाटतो आणि घरटं सोडून तो भांडायला येतो.

आता शेकरूकडे वळू. ही झाडावरची खार असली तरी अंगणातल्या खारीशी तिचं मोजमाप जुळत नाही. वजन दीड-दोन किलो, आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी जवळजवळ एक मीटर. त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस-तपकिरी, पोट आणि शेपटीचा टोकाकडचा भाग फिकट पिवळसर. कर्नल साइक्स यांनी १८३१ साली या उपजातीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव तिला दिलं. ते आजही तिच्या शास्त्रीय नावात आहे. शेकरू फक्त भीमाशंकरातच सापडतं, असं मात्र अनेक जण ठासून सांगतात, ते खरं नाही. माथेरान, महाबळेश्वर, फणसाड, आंबोली इथेही शेकरू आहे आणि ही जात सह्याद्रीत केरळपर्यंत पसरलेली आहे. भीमाशंकरला ते भेटण्याची शक्यता चांगली, एवढंच.

ते शोधायचं कसं? आधी कानांनी. सकाळी किंवा दुपारी चारनंतर झाडीतून खडखडाट केल्यासारखा एक लांबलेला, चिडका आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो पक्ष्याचा वाटतो. आवाज आला की त्या दिशेला धावू नये. जागच्या जागी उभं राहावं. शेकरू आपल्याला पाहून गप्प झालेलं असतं आणि फांदीला चिकटून बसलेलं असतं. चार-पाच मिनिटं कोणी हललं नाही, तर ते परत आपल्या उद्योगाला लागतं.

मग डोळ्यांनी, आणि आधी जमिनीकडे पाहावं. झाडाखाली ताज्या हिरव्या डहाळ्या कातरून पडलेल्या असतील, कोवळी फळं अर्धवट कुरतडून टाकलेली असतील, तर वर कोणीतरी नुकतंच जेवून गेलंय किंवा अजून जेवतंय. कुरतडल्याच्या कडा ओल्या आहेत की वाळून काळवंडल्या आहेत, यावरून वेळेचा अंदाज येतो. त्यानंतर मान वर. शेंड्याजवळच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचा मोठा गोल गोळा दिसला, तर ते शेकरूचं घरटं. बारीक फांद्याच का, तर बिबट्यासारखं वजनदार जनावर तिथवर पोचू शकत नाही. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. काहींत झोपतं, एखाद्यात पिल्लू वाढवतं, काही नुसतीच रिकामी सोडून देतं. म्हणून घरटं दिसलं म्हणजे मालक घरात असेलच असं नाही.

खाताना शेकरू पाहायला मिळालं तर दुर्बीण त्याच्या मागच्या पायांवर रोखावी. फांदीला मागच्या पायांनी घट्ट धरून ते उलटं लोंबकळतं, पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून ते फिरवत-फिरवत सोलतं आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूला सोडलेली लांब शेपटी त्याचा तोल सांभाळते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ते वीस फुटांपर्यंत उडी मारतं, जमिनीवर मात्र क्वचितच उतरतं. यातच त्याची अडचण आहे. रस्ता रुंद केला, मधली चार झाडं तोडली, की शेकरूच्या दृष्टीने पूल तुटला. रेनी बोर्जेस या संशोधक महिलेने १९८०च्या दशकात भीमाशंकरच्या शेकरूंचा आहार आणि वावर यांचा बारकाईने अभ्यास केला. शेकरूचं पोट एखाद-दुसऱ्या झाडावर भरत नाही. एका ऋतूत पानं, दुसऱ्यात फुलं, तिसऱ्यात फळं-बिया असं ते रानभर फिरत असतं. त्याला वेगवेगळ्या जातींची झाडं लागतात, आणि तीही शेंड्याला शेंडा भिडलेली.

वाटा कोणत्या धरायच्या, हा पुढचा प्रश्न. देवळापासून साक्षी विनायकावरून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी पायवाट सोपी आहे, सावलीची आहे आणि सकाळी लवकर गेलं तर शेकरूसाठी उत्तम. हनुमान तळं आणि नागफणीच्या बाजूला झाडी थोडी विरळ, पण कोकणकड्याचा देखावा आहे. खेड तालुक्यातल्या भोरगिरीहून भीमेच्या काठाकाठाने भीमाशंकरला चढणारी वाट जरा लांबची. चालायची सवय असलेल्यांना ती आवडते. कर्जतच्या खांडसहून वर येणाऱ्या शिडी घाटाचा मोह पावसाळ्यात टाळावा. लोखंडी शिड्या, ओला कातळ आणि धुकं या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की अनुभवी माणसाचाही पाय घसरतो. तिथूनच चढायचं असेल तर लांबचा गणेश घाट बरा.

पण खरं जुनं रान पाहायचं असेल तर आहुप्याला जावं. डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता घाटमाथ्यावरच्या या गावात संपतो. पुढे कोकणात उतरणारा कडा. इथल्या देवराईत शिरलं की बाहेरच्या रानाशी तुलना आपोआप होते. झाडांचे बुंधे कवेत न मावणारे, मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले आणि पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. सह्याद्रीतल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास माधव गाडगीळ आणि पुण्याच्या वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला. देवाच्या नावाने राखलेल्या या लहान-लहान तुकड्यांमध्ये मूळ रानातल्या जाती टिकून राहिल्याचं त्यांनी दाखवून दिलं. अभयारण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी इथे कुऱ्हाड थांबली होती, ती देवाच्या धाकाने.

देवराईत गावाचे नियम चालतात, पर्यटकाचे नाहीत. आत जाण्यापूर्वी गावात विचारावं. देवाजवळ चपला-बूट काढावेत. पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलू नये. अनेक देवरायांत गावकरीही ती घरी नेत नाहीत. ‘आठवण म्हणून’ एखादी बी किंवा आमरीचं रोप खिशात घालणं म्हणजे सरळ चोरी.

अभयारण्याच्या हद्दीत आहुपे, कोंढवळ, निगडाळे, भोरगिरी अशी गावं आहेत आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पाहुण्याने इथे एक गोष्ट न चुकता करावी: गावातला वाटाड्या घ्यावा. कितीही चांगलं पुस्तक हाताशी असलं तरी या पंधरवड्यात कोणतं उंबर पिकलंय आणि शेकरू सध्या कोणत्या झाडावर येतंय, हे त्यात छापलेलं नसतं. वाटाड्याचे पैसे आधी विचारून घ्यावेत आणि मग घासाघीस करू नये. जेवणही गावातच सांगावं. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं आणि पावसाळा असेल तर चाई, भारंगी, कुर्डू यांसारखी एखादी रानभाजी मिळते. हॉटेलातल्या पनीरपेक्षा हे जेवण कितीतरी सरस, आणि पैसेही रान राखणाऱ्याच्या घरात जातात.

उन्हाळ्यात या गावांत अंगणात, पत्र्यावर, कधी रस्त्याच्या कडेला हिरव्या-काळ्या लहान फळांचं वाळवण दिसेल. तो बाळहिरडा. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांचं वर्षातलं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी या औषधी फळावर अवलंबून असतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली तेव्हा नुकसानभरपाईसाठी इथल्या लोकांना दीर्घकाळ लढा द्यावा लागला. त्यामुळे त्या वाळवणावरून गाडी घालू नये, फोटोसाठी ते तुडवू नये, एवढं भान पुरेसं आहे. शेकरूलाही हिरडा लागतो, माणसालाही लागतो. दोघं एकाच झाडावर कशी जगतात, ते घोडेगावच्या बाजारात हिरड्याचं पोतं उतरताना पाहिलं की नीट समजतं.

आता ऋतूंबद्दल. केव्हा जावं, याला एक उत्तर नाही. काय पाहायचंय त्यावर ते ठरतं.

मार्च ते मे शेकरूसाठी चांगले. हवा स्वच्छ असते, जांभूळ, आंबा, उंबर यांवर गर्दी असते आणि वाटा कोरड्या. करवंदांच्या जाळ्याही याच दिवसांत लगडतात. ऊन लागतं, पण झाडीत ते जाणवत नाही. मेच्या अखेरीला वळवाचे दोन-चार सपकारे पडले की काजवे सुरू होतात आणि नवरंग पक्षी येऊन दाखल होतो. काजव्यांचा नर चमकून मादीला साद घालतो; त्या अंधारात मोटारीचे दिवे आणि मोबाइलची विजेरी पडली की ती साद पोचतच नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची जी झुंबड उडते, ती पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आंबेगावच्या गावांत अजून तेवढी गर्दी नाही, ती वाढवायलाही जाऊ नये. गावात मुक्काम असेल तर अंगणाच्या कडेला उभं राहून जे दिसतं ते भरपूर असतं.

पावसाळ्यात इथलं रान सर्वांत जिवंत असतं आणि सर्वांत अवघडही. पहाटे धुक्यातून कोणीतरी माणसाने बेफिकीरपणे शीळ घालावी तसा आवाज येतो, तो शीळ कस्तुराचा. पतंगांत सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेला ॲटलास पतंग याच दिवसांत दिसतो. पंख पसरले की तो वीतभर भरतो आणि त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्यावर तो आपले थोडेच दिवस काढतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं निलवंतही ओल्या वाटांवर भेटतं. चिंब जागी फांदी धरायची सवय मात्र सोडावी. चापडा नावाचा हिरवागार विषारी साप नेमका हाताच्या उंचीवरच्या झुडपांत, पानांसारखाच दिसत, तासन्‌तास बसून असतो. आपल्याकडे रुग्णालयांत मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे, चापड्याच्या नाही. तरीही दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांत वेळ न घालवता हात स्थिर ठेवून घोडेगाव किंवा मंचरचं सरकारी रुग्णालय गाठावं. पुढचा निर्णय डॉक्टरांचा.

पावसाळ्यातल्या ‘चमकणाऱ्या जंगला’चे फोटो गेली काही वर्षं फार फिरतात. ती किमया आहे मायसीना वंशातल्या बुरशीची. कुजक्या ओल्या लाकडावर ती वाढते आणि तिच्या पेशींतल्या रासायनिक क्रियेतून फिकट हिरवा उजेड सतत निघत राहतो, दिवसाही. अंधारात तो आपल्याला दिसतो एवढंच. फोटोत तो झगझगीत वाटतो, कारण कॅमेऱ्याचं शटर पुष्कळ वेळ उघडं ठेवलेलं असतं. डोळ्यांना दिसतो तो मंद, राखाडीकडे झुकणारा हिरवा. विजेऱ्या बंद करून वीस-पंचवीस मिनिटं अंधारात थांबल्याशिवाय तोही दिसत नाही. आणि रात्री अभयारण्यात आपल्या मनाने शिरता येत नाही. ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही. वन विभागाची परवानगी आणि वनरक्षक किंवा गावातला माणूस बरोबर असेल तरच त्या वाटेला जावं. नसेल तर बुरशीचा नाद सोडावा.

पावसाबद्दल आणखी एक. डिंभ्याहून आहुप्याकडे जाणाऱ्या पट्ट्यातच माळीण आहे. ३० जुलै २०१४च्या सकाळी तिथला डोंगर गावावर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. सलग दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस असेल, हवामान खात्याने घाटमाथ्याला लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल, तर बेत सरळ पुढे ढकलावा. रस्त्यावर ताजी माती, नवी भेग किंवा अचानक गढूळ झालेला ओढा दिसला तर तिथूनच गाडी वळवावी.

सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत सड्यांवर रानफुलं असतात, पाऊस उघडलेला असतो आणि हिरवळ टिकून असते. लहान मुलांना घेऊन जायला हाच काळ सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. पक्षी पाहणारे तेव्हा येतात. राखी रानकोंबडा, स्वर्गीय नर्तक आणि थंडीपुरते आलेले लहानसहान पाहुणे पक्षी पाहायला मिळतात.

सामानाची यादी फार मोठी नसते. आठ पटीची दुर्बीण, मातकट किंवा हिरवट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगली पकड असलेले बूट, पाण्याची बाटली, पावसाळ्यात कोरड्या मोज्यांचे जादा जोड. अत्तर, स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवावेत. पाळीव कुत्रा तर अजिबात नेऊ नये. त्याच्या अंगावरचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून परतण्याची वेळ मुक्कामाच्या घरी सांगून निघावं. वणवा, शिकार किंवा जखमी प्राणी दिसला तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आग पेटवणं, शस्त्र नेणं, प्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं हे गुन्हे आहेत. देवळाजवळच्या माकडांना बिस्किटं घालणं हा पुण्याचा भाग आहे असं मानणाऱ्यांनी जरा आजूबाजूला पाहावं: हातातली पिशवी हिसकावणारी माकडं अशीच तयार झाली आहेत.

बिबट्या पाहायचाच असा हट्ट धरून येणाऱ्यांना भीमाशंकर सहसा निराश करतं. गंमत अशी, की या भागातला बिबट्या रानापेक्षा उसात जास्त सापडतो. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात बारमाही ऊस आला. उसात लपायला जागा आणि गावात कुत्री-शेळ्या, असा बिबट्याचा संसार तिथे थाटला गेला. २००१ ते २००३च्या सुमारास जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडच्या रानात नेऊन सोडले गेले, तेव्हा सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आलं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांच्या देखभालीसाठी; प्राणिसंग्रहालय समजून तिथे धडकू नये. मंचर-नारायणगाव पट्ट्यातून रात्री दुचाकीने जाताना उसाच्या कडेला थांबू नये, हा सल्ला मात्र अगदी व्यवहारातला.

राहता राहिला श्रावण आणि महाशिवरात्र. या दिवसांत भीमाशंकरच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, खासगी वाहनं बऱ्याचदा अलीकडेच थांबवली जातात आणि शेकरू गर्दीपासून दूर सरकतं. तेव्हा रान पाहायचं असेल तर दिशा बदलावी. जुन्नरच्या पश्चिमेला आंबे-हातवीज आणि दुर्गवाडीची वाट धरावी. दुर्गादेवीच्या देवळाभोवती राखलेली देवराई, जवळच कोकणकडा, आणि श्रावणातही माणसांची ये-जा मोजकी. हा भाग भीमाशंकर अभयारण्याबाहेरचा असला तरी देवराईचे नियम तिथेही तेच. जुन्नरहून जाणारी एसटी दिवसातून थोड्याच वेळा असते. परतीच्या गाडीची वेळ जुन्नर स्थानकावर आधी विचारून घ्यावी आणि वर पोचल्यावर चालकालाही एकदा विचारावी. धुकं दाटलं की ती बदलते.